फायनलच्या चौकटीतली पाटी

"अहो, शिडी धरू का? नाहीतर खाली याल, आणि तेही माझ्या डोक्यावर!"

मोरानाने वाकून खाली पाहिलं. गुडघ्यापर्यंत कोर्टाच्या लाल मातीने माखलेला एक उंच मुलगा, काखेत रॅकेट, हातात लाकडी पाटी. लोव्रो पेर्कोविच. मुख्य स्पर्धेत पात्रता फेरीतून कसाबसा घुसलेला, आणि आज चक्क मानांकित खेळाडूला घरी पाठवून आलेला.

"धर. पण वर बघायचं नाही."

"मग पाटी कुणाच्या हातात देऊ?"

इस्त्रियाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या या टेनिस स्पर्धेत निकाल आधी क्लबच्या दारातल्या भल्यामोठ्या फळ्यावर लागायचे, मग जगाला कळायचे. जिंकणाऱ्याने आपल्या नावाची पाटी स्वतः आणून द्यायची आणि मोरानाने ती पुढच्या चौकटीत टांगायची. हरलेला मात्र मागच्या फाटकाने गुपचूप निघून जायचा.

"उद्या परत येतो," लोव्रो म्हणाला.

"जिंकलास तर!"

"तू बोलावलंस, तर जिंकावंच लागेल ना…"

आगाऊच होता मेला! पण दुसऱ्या दिवशी तो खरंच आला, तिसऱ्या दिवशीही आला. येताना कागदात गुंडाळलेली गरम फ्रितुले, म्हणजे साखरेत घोळवलेली छोटी गोड भजी, आणायचा. साखरेने माखलेली बोटं तिने एप्रनला पुसली की हसायचा. पाटी देताना बोटांना बोटं लागायची… आणि हात मागे घ्यायची घाई दोघांनाही नसायची. तो कोर्टावर असला की मोरानाचा जीव टांगणीला लागायचा. हरला की त्याच संध्याकाळची बस, मग जर्मनीतली पुढची स्पर्धा. मग कुठला लोव्रो आणि कुठली मोराना!

शनिवारी सेमीफायनल होती. लोव्रोला मॅच पॉइंट मिळाल्याचं लाउडस्पीकरवर ऐकलं आणि तिला राहवेना. तिच्याकडे जादा पाट्या असायच्या. त्यातली त्याची काढून तिने फायनलच्या चौकटीत टांगून टाकली. म्हटलं, एवढं काम उरकलं की धावत स्टँडवर जाता येईल.

"अगं ए, काय केलंस हे?" ग्राउंड सांभाळणारे निनोकाका ओरडले. "मॅच संपायच्या आधी? नजर लावलीस पोराला!"

आणि झालं तसंच. मॅच पॉइंट गेला, सेट गेला, शेवटी मॅचही गेली.

मोराना रडवेली होऊन शिडीवर चढली आणि पाटी काढू लागली. आता तो मागच्या फाटकाने जाणार, एकदा वळूनसुद्धा बघणार नाही…

"शिडी धरू का?"

ती दचकली. खांद्याला बॅग, केस घामाने कपाळाला चिकटलेले – लोव्रो!

"तू इथे कसा? हरलेले इकडे येत नाहीत."

"मग मी पहिला."

"लोव्रो, चूक माझीच रे… तुझी पाटी मी आधीच लावली होती."

"माहितीये. काकांनी अख्ख्या क्लबला सांगितलंय." तो हसला. "पण डबल फॉल्ट मी केले, पाटीने नाही. आणि खरं सांगू? हरल्याचं वाईट वाटलंच. पण उद्या इथे यायला काही निमित्त उरलं नाही, याचं जास्त वाईट वाटलं."

बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"जर्मनीत सोमवारी पोचायचंय," तो हळूच म्हणाला. "उद्याची फायनल बघायला… थांबू का?"

"फायनल गेली खड्ड्यात!" ती भराभर शिडी उतरली आणि त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "माझ्यासाठी थांब. आवडतोस तू मला… हरलेला, जिंकलेला, कसाही!"

लोव्रोने खांद्यावरची बॅग खाली टाकली.

थोड्या वेळाने सेमीफायनलचा विजेता पाटी घेऊन ऐटीत फळ्यापाशी आला. शिडी होती, मोराना नव्हती. शेवटी बिचारा स्वतःच वर चढला, आणि निनोकाकांनी कुरकुरत शिडी धरली.