कलमदानाचा कप्पा

त्या दुपारी सिद्रामप्पा जेवायला घरी गेले नसते, तर महादेवीचं भांडण त्यांच्याशीच झालं असतं आणि पुढं सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. पण ते गेले होते. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात, खिळ्यांच्या पेट्यांमागं, त्यांचा पुतण्या गुरुलिंग एकटाच बसला होता.

महादेवीनं रुमाल त्याच्यापुढं आपटला. रुमालात लाकडाचे तुकडे होते. नुसते तुकडे!

"तुमची करवत खराब हाय!"

गुरुलिंगनं मान वर केली. सावळा, शांत चेहरा, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि डोळ्यांत हसू... ते त्यानं लगेच लपवलं, पण महादेवीनं पाहिलं होतं. तिचा राग आणखीनच वाढला. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईला कुणी असं हसावं?

त्यानं एकेक तुकडा उचलून जुळवला. पाकळी, वेल, पुन्हा पाकळी...

"ही तर रांगोळी की!"

"मग? आमच्या गल्लीत माझ्यासारखी रांगोळी कुणाला येत न्हाई."

"येत नसंल. पण ती जमिनीवर. जमीन सगळं धरून ठेवती. फळीत असं बंद वेटोळं कापलं, की आतली पाकळी खाली पडणारच. बाई, मधी मधी जोड सोडायला पाहिजे."

महादेवीनं तुकडे पुन्हा निरखले. खरंच की! कागदावर नक्षी काढली, खळ लावून फळीवर चिकटवली, गिरमिटानं भोक पाडून पातं ओवलं आणि रेघेरेघेनं कापत गेली. शेवटी हातात उरली ती फक्त चौकट. दोन दिवस ती करवतीलाच शिव्या देत होती.

गुरुलिंगनं पेन्सिल घेतली. "हितं एक जोड... आणि हितं एक." मग कमानीची बारीक करवत काढून त्यानं फळीच्या तुकड्यावर एक पाकळी कापून दाखवली. "करवत वळवायची न्हाई. ती सरळ खाली-वर. वळवायची ती फळी. हळू... गाण्याच्या तालात."

"गाणं येत नसंल तर?"

"मग हितं येऊन ऐकायचं."

बोलून गेला आणि त्याचे स्वतःचेच कान लाल झाले. महादेवीनं घाईघाईनं डझनभर पाती मागितली. त्यानं ती कागदाच्या पुडीत गुंडाळली आणि वर तांबडा दोरा बांधला.

हे सगळं चाललं होतं एका कलमदानासाठी. महादेवीचे वडील बसलिंगप्पा चादरींचे व्यापारी. त्यांचा टाक कधी जागेवर सापडायचा नाही. एक कानामागं, एक गादीखाली, एक पानाच्या डब्यात! अव्वा, म्हणजे तिची आई, गेल्यापासून त्यांच्या वस्तू शोधायचं काम महादेवीकडंच आलं होतं. म्हणून तिनं मनावर घेतलं, की अप्पांना सागवानी कलमदान करून द्यायचं. मागं नक्षीची जाळी, पुढं टाक उभे करायला भोकं, खाली एक छोटा कप्पा.

पहिले दोन आठवडे पाती खरोखरच तुटली. तिसऱ्या आठवड्यात हात बसला. पाचव्या आठवड्यात कलमदान झालंसुद्धा. त्याला पॉलिश करून ती अप्पांच्या हातात देणार, तोच अप्पा हसत म्हणाले, "पोरी, अक्कलकोटच्या लोकांनी तुला मागणी घातलीया. चांगलं घर हाय. तुझं कलमदान झालं, की त्यातल्या टाकानं पहिलं पत्र त्यांनाच. होकाराचं!"

त्या संध्याकाळी झालेलं कलमदान धान्याच्या कणगीमागं गेलं. "अजून चाललंय, अप्पा," एवढंच ती सांगत राहिली.

शनिवारी शाळा सुटली की पाय मात्र मंगळवार पेठेकडं वळायचे.

"पुन्हा तुटली?" गुरुलिंग विचारायचा.

"लई कच्ची हायत तुमची पाती."

"डझनभर? आठवड्यात?"

"शाळेत पोरींचा राग येतो. घरी पात्यांवर निघतो."

"मग पोरींचं नशीब चांगलं." तो दोऱ्याची गाठ मारायचा, सावकाश, अगदी सावकाश.

"ही गाठ सुटत न्हाई लवकर," महादेवी म्हणायची.

"सोडायची घाई काय हाय?"

एवढंच बोलणं. पण तेवढ्यावर तिचा पुढचा आठवडा आनंदात जायचा. आज तो काहीतरी बोलेल... आज नक्की बोलेल... असं करता करता सहा शनिवार गेले. गुरुलिंगच्या तोंडी पात्यांच्या नंबराशिवाय दुसरं काही येईना. आणि मुलीनं आपणहून बोलायचं तरी कसं?

अक्कलकोटहून दुसरं कार्ड आलं. संक्रांतीच्या आत कळवावं. अप्पा म्हणाले, "रविवारी लिवून टाकतो. कलमदान होईल तवा होईल."

त्या शनिवारी गुरुलिंग पुडी गुंडाळत होता, तेव्हा महादेवी म्हणाली,

"पुढच्या शनिवारी मी येणार न्हाई."

"का?"

"काम... संपलं."

गुरुलिंगनं पुडी तशीच तिच्या हातात दिली. सातव्या पुडीला गाठ मारायची राहून गेली.

रविवारी सकाळी अप्पा दौत-कागद घेऊन बसले. महादेवी चुलीपुढं होती, आणि भाकरी करपली तरी तिला कळलं नाही. तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं.

"बर्री, कूड्री," अप्पांनी पाहुण्याला कन्नडमधून बसायला सांगितलं. "कोण म्हनायचं?"

"सिद्रामप्पांचा पुतण्या. गुरुलिंग." त्याच्या अंगात धुतलेला सदरा होता. "बाईंची लई पाती तुटत्यात. करवतीच्या कमानीतच काही खोट असंल. म्हटलं, बघून यावं."

"असं व्हय! महादेवी, करवत आण. आणि ते कलमदानबी आण, झालं असंल तेवढं."

आता पळायला जागा नव्हती. तिनं कणगीमागून कलमदान काढलं आणि पदरानं धूळ पुसून अप्पांपुढं ठेवलं.

"हे तर झालंय की गं!" अप्पा बघतच राहिले. गुरुलिंगनं जाळीवरून बोट फिरवलं. त्यानं पेन्सिलीनं दाखवलेले जोड सगळे जागच्या जागी होते. अप्पांनी कौतुकानं खालचा कप्पा ओढला. तो अडला, मग हिसक्यानं बाहेर आला आणि जाजमावर पुड्या सांडल्या. एक, दोन... सात. सहांचा तांबडा दोरा तसाच होता, एकीलाही हात लागलेला नव्हता.

गुरुलिंगनं एक पुडी उचलली.

"ह्या गाठी माझ्या हायत," तो हळूच म्हणाला. "बाई... पाती तुटत न्हवती?"

"पहिले दोन आठवडे तुटली." महादेवीनं खालीच पाहिलं. "मग न्हाई तुटली. पण शनिवार यायचा थांबत न्हवता की!"

गुरुलिंग अप्पांकडं वळला. "अप्पा, मी खोटं बोललो. कमान बघायला आलो न्हाई. काल ह्या म्हनाल्या, आता येणार न्हाई. तवापासून घास गोड लागंना. काकांना ठावंबी न्हाई मी हितं आलोय ते."

अप्पांनी कानामागचा टाक काढला. कलमदानात उभा केला. पुन्हा उचलला.

"पोरी, अक्कलकोटला काय लिवू?"

"न्हाई म्हणून लिवा, अप्पा." आवाज अगदी बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते.

"ते उद्या. पहिलं पत्र होकाराचं लिवायचं ठरलंय." अप्पांनी टाक दौतीत बुडवला आणि गुरुलिंगकडं पाहिलं. "तुमच्या काकांच्या नावाआधी काय लिवत्यात? राजश्री का श्रीयुत?"

गुरुलिंग हातातली पुडी उलटसुलट करत राहिला. सिद्रामप्पांचं दुकान चालत पाच मिनिटांवर होतं, पत्राची गरजच नव्हती, हेसुद्धा त्याला सुचलं नाही.

"राजश्री लिवा, अप्पा," महादेवी म्हणाली, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून आत पळाली.