रांगेत अडकलेला फोन

पंखा जरा कमी करा रे, मला ओरडायला लावू नका. माझ्या साडूला तुम्ही ओळखता. उगाच बाता मारणारा माणूस नाही तो. गेल्या नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारी, रात्रीचं जेवण उरकून तो एका खासगी ॲम्ब्युलन्सवाल्याच्या फोन-केंद्रात गेला. काम साधंच. तिथले फोन इंटरनेटवरून चालत आणि रात्री बोलणं तुटत असे. नेटवर्क कुठे अडतंय ते शोधायचं.

यंत्रांची खोली संडासाला लागून. दार उघडताच त्याने नाक दाबलं. एसीचं पाणी झिरपून गालिचा कुजला होता, पाय टाकला की पचपच करी. कोपऱ्यात बुरशी धरलेले चहाचे कप. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक वास. गोडसर. घशाला चिकटणारा.

"हा कसला गं?" त्याने रात्रपाळीच्या ऑपरेटर मुलीला विचारलं.

"काय माहीत, दादा. पावसाळ्यापासून येतोय. फिनेलचे डबे ओतले, जात नाही."

त्याने लॅपटॉप जोडला. इथून एक छोटासा संदेश सोडायचा आणि तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पापणी लवायच्या आत यायला हवा, तो रमतगमत येत होता. वाटेतल्या राउटरमध्ये सगळ्या फोनांची रांग लागते. ती त्याने उघडून पाहिली आणि त्याला शिसारी आली. बड्या गिऱ्हाइकांचे फोन आधी. ते संपेपर्यंत बाकीच्यांनी हलायचंच नाही, असा नियम कुणीतरी मुद्दाम घालून ठेवला होता.

त्याने मालकाला उठवलं.

"मीच करून घेतलंय ते," मालक जांभई देत म्हणाला. "बाकीचे थांबतात हो. त्यांना कसली घाई?"

ॲम्ब्युलन्स बोलावणाऱ्याला म्हणे कसली घाई! साडूने फोन कापला, नियम पुसून टाकला. रांग भराभर रिकामी झाली.

एक फोन सोडून.

राउटर बंद करून चालू केला. तो तिथेच.

नंबर पाहून मुलगी पांढरीफटक पडली. "दादा... हा त्या म्हाताऱ्या बाईंचा नंबर. एकट्या राहायच्या. जुलैत फोन केला होता, आमच्यापर्यंत पोचलाच नाही. आठवड्याने शेजाऱ्यांना वास आला, तेव्हा... पोलीस हाच नंबर विचारत आले होते."

त्याने हेडफोन लावला.

काही नाही.

मग श्वास. ओला. छातीत कफ खदखदावा तसा.

"...कुणी आहे का..."

त्याने केबल उपटली. श्वास थांबला नाही. कानातून काहीतरी कोमट ओघळलं. बोट लावलं. चिकट... तो तिथेच भडाभडा ओकला.

शेवटी तोंड पुसून तो कसाबसा म्हणाला, "आजी... लागला फोन. गाडी पाठवतोय."

खदखद थांबली.

"...बरं..."

रांग रिकामी झाली. वासही गेला.

सकाळी मालक आला. आपल्या केबिनचं कुलूप काढून त्याने फोन उचलला, तर आवाज जाईना. ऑपरेटर मुलीसमोरच त्याने रिसीव्हर उघडला.

आत पांढरे केस. लांब. तो ओढत गेला, ते येत गेले...

मुळाशी कातडी होती. ओली.