माणूस नसलेला नकाशा

“आतलं सगळं पुसून देतो, ताई. दहा मिनिटं लागतील. दुसऱ्याचं यंत्र जसंच्या तसं घरी नेऊ नये.”

जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणाऱ्या काकांनी एवढंच सांगितलं होतं, तेही स्क्रू पिळता पिळता. मी हसले. म्हटलं, “काका, काही पुसू नका. आत जे आहे त्यासाठीच तर घेतेय.”

त्यांनी हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कडेवरच्या मुलीकडे. “बघा बुवा,” म्हणाले, आणि झाकण बसवलं.

हे लिहायचं कारण असं, की आमच्या अभ्यासक्रमाला नव्याने आलेल्या मुली सारख्या विचारतात, फोन कुठला घेऊ, लॅपटॉप कुठला घेऊ. मी दरवेळी बॅटरी, वजन, स्क्रीनचा आकार असं काहीबाही सांगून सुटका करून घेते. यावेळी सगळं सांगते. शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी माझं एक काम आहे.

मी घरांच्या अंतर्गत रचनेचा ऑनलाइन अभ्यासक्रम करते आहे. लग्न आणि बाळंतपण यांच्यामध्ये राहून गेलेला. प्रवेश घेतला तेव्हा भिंगरी अडीच वर्षांची होती. नाव वेगळं आहे, पण एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “पोरगी शाळेत जाऊ दे की आधी. शिक्षण काय पळून चाललंय?” त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. माझा स्वभाव असा, की ती शेजारच्या खोलीत दोन मिनिटं गप्प राहिली तरी मी उठून बघायला जाते. नवरा आणि मी शेवटी ठरवलं, एक सत्र बघू. जमलं तर जमलं, नाहीतर सोडून द्यायचं.

खरेदीसाठी मी तक्ता केला होता. एका बाजूला नवे फोन, दुसऱ्या बाजूला नवे-जुने लॅपटॉप. मेमरी किती, गरम होतो का, चार्जर केवढा, मुलीने पाणी सांडलं तर काय. नवऱ्याचं मत होतं, मोठ्या स्क्रीनचा फोन घे, हल्ली सगळं फोनवरच होतं. तक्ता बघून म्हणाला, “नवरा निवडताना एवढे प्रश्न नव्हते विचारलेस.”

“तेव्हा परत करायची सोय नव्हती. विचारून काय उपयोग?”

फोनवर तास ऐकता येतात, नकाशा काढता येत नाही. ओळ मिलिमीटरभर हलवायची तर बोटाखाली आख्खी भिंत झाकली जाते. म्हणून लॅपटॉपच. आणि काकांच्या दुकानातला तो करडा लॅपटॉप उघडला तर आत आमचंच नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, वर आधी वापरणाऱ्याने स्वतः बनवलेला चिन्हांचा संच. पलंग, बेसिन, शेगडी, दारं, जिने, कुंड्यासुद्धा. चारशेच्या वर. आमच्यातलं कुणीही असा संच पुसू देणार नाही. तो जमवायला वर्ष जातं.

माणूस तेवढा नव्हता. हे मला नंतर कळलं.

पहिला स्वाध्याय होता, स्वतःचं घर मोजा आणि काढा. टेपचं एक टोक भिंगरीच्या हातात देऊन मी दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी मोजली. नकाशा बरा झाला. पण आमच्या बाईंचा एक नियम आहे. प्रत्येक नकाशात निदान एक माणूस दाखवायचा. वरून पाहिल्यासारखा, डोक्याचं वर्तुळ आणि खांद्यांचा लंबगोल. त्याशिवाय खोली केवढी ते कळत नाही. “माणूस नसलेला नकाशा म्हणजे गोदाम,” म्हणाल्या आणि माझा एक गुण कापला. मी संचात शोधलं. माणूस कुठेच नव्हता. म्हटलं, उद्या काढू.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडली तर स्वयंपाकघराच्या दाराशी माणूस होता.

भिंगरीने कीबोर्ड बडवला असणार, असं समजून मी तो पुसला. दुपारी पुन्हा होता. यावेळी जेवणाच्या टेबलाखाली. मी मान वर केली. भिंगरी टेबलाखाली बसून माझ्या चपलेला जेवू घालत होती.

मी घाबरट आहे, पण भोळी नाही. मी त्या चिन्हाचं माप घेतलं. खांद्यांची रुंदी तेवीस सेंटिमीटर. नंतर टेप घेऊन टेबलाखाली शिरले.

“आई, काय कलतेस?”

“फ्रॉक शिवायचाय तुला.”

तेवीस.

ते चिन्ह हलताना मी कधी पाहिलं नाही. नजर हटवून परत आणली, की ते दुसरीकडे असे. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. रविवारी तिला घेऊन आतल्या खोलीत गेला, दार लावलं आणि ओरडला, “बोल, कुठे आहे ती?”

“कपाटाच्या डावीकडे. भिंतीला टेकून.”

मग दार उघडलं. “तुला इथून दिसतंय का?”

“नाही.”

“मी कुठे होतो?”

“तू नकाशात नाहीसच.”

मग झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार ओढावं तसं त्याने लॅपटॉपचं झाकण अलगद मिटलं. “आजच पुसून आण,” म्हणाला.

“गुरुवारचं सादरीकरण होऊ दे.”

कारण मी संचाचं सांगितलं. खरं कारण मला सांगायची लाज वाटली. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा सलग चाळीस मिनिटं काम केलं होतं. दर दोन मिनिटांनी उठून जावं लागत नव्हतं. रेघ ओढायची, चिन्हाकडे बघायचं, पलंगावर आहे, ठीक आहे, पुढची रेघ. आपल्याला हे शिक्षण जमणार, असं मला तेव्हा प्रथमच वाटलं.

गुरुवारी सकाळी अकराला सादरीकरण होतं. माझी स्क्रीन बाईंना आणि वर्गातल्या सगळ्यांना दिसत होती. भिंगरीला आतल्या खोलीत ठोकळे दिले होते. मी गॅलरीचं दार लावलं होतं. निदान तसं मला वाटत होतं. स्वयंपाकघरातला उजेड कसा वाढवणार ते मी सांगत होते, बोलणं रंगलं होतं आणि कितीतरी वेळ मी चिन्हाकडे बघितलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, “तुमचा माणूस चुकलाय हो.”

“कुठे?”

“गॅलरीत. कठड्याच्या रेघेवर आलाय. अर्धा बाहेर आहे. आत घ्या तो.”

मी पाहिलं.

खुर्ची पडल्याचा आवाज मला नंतर, धावताना ऐकू आला.

गॅलरीचं दार उघडं होतं.

बादली पालथी होती. तिच्यावर दोन पाय, टाचा उचललेल्या. पोट कठड्यावर. दोन्ही हात बाहेर. खाली, दुसऱ्या मजल्याच्या तारेवर तिचा पिवळा मोजा अडकला होता.

मी हाक मारली नाही.

फ्रॉक धरला. मग कंबर. मग ती सगळीच्या सगळी माझ्याकडे आली.

“मोजा पल्ला,” ती म्हणाली.

मी तिला कडेवर घेऊन परत आले. स्क्रीनवर सगळे वाट बघत होते. बाई चष्मा सारखा करत म्हणाल्या, “हां, आता बरोबर. आत घेतलात.”

माउसला मी हातही लावला नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी काकांच्या दुकानात गेले. हा लॅपटॉप आधी कोणाचा होता, एवढंच विचारलं. म्हणाले, एक वयस्कर गृहस्थ देऊन गेले. मुलीचा आहे म्हणाले. तिला आता लागत नाही. “मी पुढे विचारलं नाही, ताई. पुसायचाय का?”

“नको.”

सत्र पार पडलं. मी वर्गात दुसरी आले. सासूबाईंनी स्वतःहून फोन करून विचारलं, “पुढच्या सत्राला मी येऊन राहू का महिनाभर?” नवऱ्याने गॅलरीला छतापर्यंत जाळी बसवली आणि हल्ली कामावरून फोन केला की आधी विचारतो, “भिंगरी कुठे आहे?” मी न उठता सांगते. भिंगरी आता शाळेत जाते. ती शाळेत असली की नकाशा रिकामा असतो, परतली की दारात चिन्ह उमटतं. तेव्हा मुलींनो, माझा सल्ला हा: फोन घाईत घेतलात तरी चालेल, लॅपटॉप सावकाश निवडा. जुना घेतलात तर पुसायच्या आधी आत काय आहे ते एकदा बघा.

आता माझं काम.

काल दुपारी फोल्डरमध्ये एक नवी फाइल दिसली. मी काढलेली नाही. एक घर आहे. दार उघडल्यावर अरुंद बोळ, उजव्या हाताला एकच खोली, पलंग खिडकीला लागून. बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर, त्याला चिकटून बाथरूम. बाथरूमचा उंबरा चार सेंटिमीटर उंच. पलंग एकाच माणसाचा आहे आणि टेबलाला खुर्चीही एकच.

या नकाशात डोकं-खांद्यांचं चिन्ह नाही. उंबऱ्यापाशी एक पूर्ण आकृती आहे, आडवी. लांबी एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर. एक हात बोळाकडे पसरलेला.

सासूबाईंचं घर असं नाही. माझ्या मावशीचं नाही, बाईंचं नाही, काकांचंही नाही. मी सगळ्यांना फोन केले. काकांनी त्या गृहस्थांचा नंबर जपून ठेवलेला नाही.

तुमच्या ओळखीचं कोणी अशा घरात एकटं राहत असेल, तर हे वाचून झाल्यावर लगेच फोन करा. उचलला नाही तर जा. झोपले असतील, बाहेर गेले असतील, असं म्हणू नका. मीही दार लावलंय असंच म्हणत होते. अजून वेळ आहे. आज सकाळी मी पुन्हा मोजलं, पसरलेला हात कालपेक्षा सहा सेंटिमीटर पुढे सरकलाय.

फाइल मी उघडीच ठेवली आहे. त्या घराच्या दाराबाहेर थोडी मोकळी जागा काढलेली आहे, एक माणूस उभा राहील एवढी. तिथे अजून कोणी नाही.