सातव्या मीटरचा दोष

वर्तकनगरमधील त्या प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणेच मोजून पाहिली जातात. प्रफुल्ल तेथे प्रथम शिरला तो एका शनिवारी, कुरियरचे कार्यालय समजून. डोंबिवलीच्या एका महाविद्यालयात तो प्रयोगशाळा-सहायक होता. स्वस्त म्हणून मागवलेले बारा डिजिटल मीटर चुकीचे आकडे दाखवतात, या रागाने ते परत पाठवायला तो निघाला होता.

“परत कशाला?” टेबलामागून तिथली तंत्रज्ञ कल्पिता म्हणाली. “आधी तपासा तरी.”

“एवढ्या स्वस्तातल्या मीटरमध्ये काय तपासायचं, मॅडम?”

“स्वस्त आहे म्हणून खोटा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?”

तिने एक मीटर आपल्या प्रमाणित मीटरशेजारी जोडला. लाल आकडे व्होल्टेज सांगत होते, निळे विद्युतप्रवाह. बारा व्होल्टना तो साडेबारा दाखवी. क्षीण प्रवाह तर त्याला जाणवतच नसे. कल्पिताने मागचा इवलासा स्क्रू केसभर फिरवला, आकडा जुळला, आणि स्क्रू पुन्हा हलू नये म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यावर गुलाबी नेलपॉलिशचा थेंब ठेवला. प्रफुल्ल मीटरकडे पाहत नव्हता — हे तिला मान वर न करताही कळले.

बारा मीटर दुरुस्त होऊन गेले. पुढच्या शनिवारी सातवा परत आला. त्याच्या पुढच्या शनिवारीही तोच.

आज चौथा शनिवार होता, आणि सहा वाजता प्रयोगशाळेच्या संचालकांचा, सुधीर सरांचा, फोन यायचा होता. चाकणच्या नव्या शाखेची प्रमुख म्हणून जाणार की नाही, हे कल्पिताला तेव्हा सांगायचे होते. सकाळपासून ती उठत होती, बसत होती, एकच नोंद तीनदा तपासत होती. हा मनुष्य मीटरसाठी येतो, की... त्या ‘की’पर्यंत तिचे मन जाई आणि माघारी फिरे. हे कळल्याखेरीज सरांना काय सांगावे?

साडेपाचला तो आला, जिने धावत चढल्यामुळे धापा टाकत.

“पुन्हा अर्धा व्होल्ट जास्त दाखवतोय.”

तिने मीटर उलटा केला आणि बराच वेळ पाहिला.

“गेल्या वेळी गुलाबी बाटली संपली होती. मी जांभळा थेंब लावला होता.”

“...असेल.”

“हा गुलाबी आहे.”

प्रफुल्लने पंख्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले. “माझ्या बहिणीकडे, चित्राकडे, जांभळा नव्हता. वाटलं, लक्षात येणार नाही.”

“माझ्या?”

“चुकलंच.”

“म्हणजे स्क्रू तुम्ही फिरवता.”

“दर शुक्रवारी.”

“अहो, मुलं यावर प्रयोग करतात —”

“बाकीच्या अकरांवर. हा माझ्या कपाटात असतो. एवढा काही मी नालायक नाही.”

“थोडे आहात.”

तिचा राग खरा होता. त्या मीटरचा दोष उष्णतेमुळे येत असावा, या समजुतीने तिने दोन आठवडे तक्ते केले होते. मात्र ओठांवर येऊ पाहणारे हसूही तितकेच खरे होते.

“सरळ यायचं ना.”

“सरळ येऊन काय सांगणार? सहज आलेलो म्हणून? काहीतरी कारण पाहिजे ना.”

“आणि चाकणला यायला कुठलं कारण काढणार?” असे विचारून तिने त्याला सारे सांगितले.

टेबलाच्या कडेवरून त्याचे बोट पुढे गेले, मागे आले.

“जा तुम्ही,” तो अखेर म्हणाला. “माझ्यामुळे थांबलात, तर ते मला कायम टोचत राहील. मी येईन तिकडे, रविवारी. कारण नाही काढणार... मला तुम्ही आवडता, एवढंच सांगून येईन.”

फोन वाजला. कल्पिताने तो उचलला.

“हो सर. जाते मी.”

फोन ठेवून ती त्याच्याकडे वळली. “उद्या तुमची आई घरी आहे?”

“आहे. का?”

“मी येतेय. चार वाजता.”

“आईला काय सांगू, कोण येतंय म्हणून?”

“नाव सांगा फक्त,” कल्पिता म्हणाली. “उरलेलं मी सांगेन.”