दगड कुणी सरकवला?

दगड जिथे होता तिथे

"उठा. गावाच्या घड्याळावर बसलाय तुम्ही."

लसूण खुरपून दमलेली ती बांधावरच्या पांढऱ्या दगडावर पाय पसरून बसली होती. वर बघितलं, तर खांद्यावर फावडं टाकलेला एक उंच माणूस. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तोरा असा की जणू तो चिखल शिंप्याकडून मापानं शिवून आणलाय.

"कसलं घड्याळ?" तिने विचारलं. माहीत असून.

डोंगर गावाच्या पश्चिमेला. दुपार कलली की त्याची सावली एकेक शेत गिळत खाली येते. या दगडाला टेकली की इथल्या लसणाचं पाणी बंद आणि खालच्या अंगाला तिच्या आत्याच्या कोबीचं सुरू. गावात वाटण्या झाल्या, भाऊ भावाशी बोलेनासे झाले, पण दगडाला कुणी हात लावला नाही.

"मी नवा पाटकरी," तो म्हणाला. "पाणी फिरवायचं काम माझं. सावली दगडाऐवजी तुमच्या पाठीवर पडली, तर मला कळणार कसं?"

"गार लागलं की सांगेन ना."

तो हसला... आणि पाणी फिरवायला उशीर झाला. थोडासाच.

दगड वीतभर पुढे

थोरली बहीण सासरी गेली तरी गाव हिला धाकटीच म्हणायचं. घरात ती आणि बाबा. बाबा दिवसातून मोजकं बोलायचे, आणि त्यातलं निम्मं म्हशीशी.

पाण्याच्या पाळीच्या दिवशी पाटकरी यायचा. पाणी वाफ्यात शिरायचं, बोलणंही कुठूनतरी शिरायचं.

"तुमच्या लसणाला फार तहान लागते."

"लसणाला की तुम्हाला?"

"मला चहाची लागते. पण कुणी विचारत नाही."

ती विचारणार, तेवढ्यात डोंगराची सावली दगडावर. फावडं खांद्यावर, आणि हा चालला! त्या डोंगराचा तिला इतका राग कधी आला नव्हता.

आता खरं तर पुढची गोष्ट शेवटपर्यंत लपवायला हवी. पण पोटात राहत नाही, काय करणार? एका सकाळी, दवाने ओल्या बांधावर, धाकटीने इकडेतिकडे बघितलं आणि दगड सावलीच्या वाटेवर वीतभर पुढे ढकलला.

वीतभर म्हणजे किती? एक कप चहा, दोन टोमणे आणि एक अर्धवट राहिलेलं वाक्य.

इथे दगडाबद्दल काही नाही

"केसात पात अडकलीय तुमच्या."

"काढा मग."

"हात चिखलाचे आहेत."

"पाट कशाला आहे?"

त्याने हात धुतले. नखं धुतली. कोपरापर्यंत धुतलं. पुन्हा हात धुतले. सावली आली... पात तिथेच राहिली.

दगड कुठे गेला?

"दगडाला पाय फुटले का गं?" आत्या बांधावरून गरजली. "माझी कोबी मान टाकतेय आणि तुझा लसूण पोहायला शिकतोय!"

लसणाची पात खरंच पिवळी पडली होती. दगडाच्या जुन्या जागी फिकट खळगा उघडा पडला होता. त्यात मुंग्या. शेजारपाजारच्या शेतांतली माणसं हातातलं टाकून जमली.

 पाटकऱ्याला गावाने बजावलं होतं – पीक निघेपर्यंत काम बघू, मग कायम करू. पण दगडाला हात लागला, तर त्याच दिवशी डोंगरापलीकडे परत.

धाकटी तोंड उघडणार, त्याआधी तोच पुढे झाला. "मी सरकवला. वीतभर."

मला वाचवायला खोटं बोलतोय! तीही पुढे सरसावली. "नाही आत्या, मी सरकवला. वीतभर."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तुम्ही... पण?"

"म्हणजे तुम्ही पण?"

कुणीतरी फिसकन हसलं. आत्या मात्र खाली बसली आणि खळग्यापासून दगडापर्यंत वीत टाकत गेली. "ही एक. ही दुसरी. आणि ही तिसरी? ही कुणाच्या बापाची?"

मागून खोकल्याचा आवाज आला.

बाबा.

"थोरली गेल्यापासून घर मुकं झालं होतं," ते पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाले. "पाळीच्या दिवशी हिचं हसणं गोठ्यापर्यंत ऐकू यायचं. म्हटलं... अजून जरा ऐकू."

आत्या उठली. भावाकडे वळली.

"पाटकऱ्याला काढायचं तर ह्यालाही काढावं लागेल," ती म्हणाली, "आणि ह्याला घेणार कोण?" बांध हसण्याने दणाणला. "दगड जागेवर ठेवा. माझी कोबी मान वर करेपर्यंत लसणाचं पाणी माझं. आणि तू रे! पाणी सोडण्यापेक्षा तोंड उघडायचंस की!"

दगड जिथे होता तिथे

लसणाला पाणी नाही. म्हणजे पाटकऱ्याला इकडे कामही नाही.

तरी तो आला. फावडं नव्हतं. हात स्वच्छ धुतलेले. ती दगडावर बसलेली, शेजारी चहाचे दोन कप.

"आज पाण्याची पाळी नाही माझी," ती म्हणाली.

"आत्याकडे पाणी लावून आलोय."

"मग इथे काय हरवलंय?"

 हात पुढे करून त्याने तिच्या केसातली लसणाची पात अलगद काढली. (तीच जुनी नव्हे. ही तिने सकाळी मुद्दाम अडकवली होती.)

डोंगराची सावली उतरली. पावलांवर आली, गुडघ्यांवर आली.

"गार लागतंय," ती म्हणाली.

"सांगेन म्हणाला होतात..."

"सांगितलं. संपली तुमची वेळ."

"पाण्याची संपली." त्याने हातातली पात बोटाला गुंडाळली. "मला सावलीनंतरही थांबायचंय. रोज. कायमचं. चालेल?"

आत्याच्या शेतात पाणी खळखळत होतं. गोठ्यात बाबा कान देऊन उभे असणार, तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती मोठ्याने हसली.

"चहा गार होतोय. बस ना."

दगडावर दोघांपुरती जागा नव्हती. या वेळी सरकली ती. दगड जागच्या जागीच राहिला.