हालू नको म्हटलं होतं मी

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती तर स्वतःला एवढं नालायक दाखवलं नसतं.

साल २०१८. दसऱ्याचा आदला दिवस, दुपारचे अडीच. जागा म्हणजे चांदूर बाजारजवळचं आमचं वावर. असलं काही रात्री बारालाच होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी इथेच थांबावं. माझ्यासोबत जे झालं ते सगळं दिवसाउजेडी झालं.

मी जीवन. लग्नाचे फोटो काढतो. घरची फुलशेती आहे, झेंडू आणि शेवंती. आई सत्यभामा आणि बाबा पंजाबराव, दोघं मिळून ती करायचे. मी वावरात जायचो तो फक्त कॅमेरा घेऊन.

त्या वर्षी मला एचडीआरचं वेड लागलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकाच जागेचे तीन फोटो काढायचे. एक अंधारा, एक नेहमीसारखा, एक जास्त उजेडाचा. मग कॉम्प्युटरवर तिन्ही एकात एक मिसळायचे. म्हणजे ऊनही दिसतं आणि सावलीत काय आहे तेही दिसतं. तेवढ्यावर थांबलं तर ठीक. मी थांबायचो नाही. ढग काळेकुट्ट, गवत नको तेवढं हिरवं, मातीची भेग न् भेग दिसलीच पाहिजे. चिखलदऱ्याच्या अशाच एका फोटोला फेसबुकवर सहाशे लाइक पडले होते. मग काय विचारता, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!

त्या दिवशी आई पहाटेपासून झेंडू तोडत होती. दसऱ्याला झेंडू नसेल तर आमच्याकडे बैलगाडीपासून मोटरसायकलपर्यंत कशाचीच पूजा होत नाही. वावरातल्या टिनाच्या खोलीसमोर फुलांचा ढीग लागला होता. वर ढग, बाहेर कडक ऊन, आणि खोलीचं दार एकदम अंधारं.

मी म्हटलं, "आई, त्या दारात उभी राय बरं."

"इथं पोते भराचे पडले अन् तुले फोटो सुचून राहिले काय?" असं म्हणाली खरी, पण पदर सारखा करून उभी राहिली.

मी कॅमेरा स्टँडवर लावला. खट. खट. खट.

ती हलली. पुन्हा काढले. पुन्हा हलली.

"एक मिनिट सीदं उभं राहता येत नाई काय तुले?" मी चक्क ओरडलो तिच्यावर.

"गुडघा दुखून राहिला रे."

"मी झालं म्हणेपर्यंत हालू नको."

तेवढ्यात शेखरचा फोन आला. शेखर माझा दोस्त, अमरावतीला त्याचं फोटो छापायचं दुकान आहे. कामंही तोच आणून देतो. अकोल्याला एका साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, काम होतं आणि त्या लोकांना मी संध्याकाळीच हवा होतो. मी कॅमेरा बॅगेत कोंबला, गाडीला किक मारली आणि निघालो. मागे वळूनही पाहिलं नाही.

अकोल्याच्या लॉजवर बसून मी त्यातले शेवटचे तीन फोटो मिसळले. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक खूण करायची सोय असते. तिन्ही फोटोंत जे जागचं हललं, ते पुसून टाकायचं. झाडाची पानं, रस्त्यावरची माणसं, असलं काही. मी ती खूण नेहमीच करून ठेवायचो.

फोटो तयार झाला. ढग भारी, झेंडू पेटल्यासारखा, दार झकास.

दारात आई नव्हती.

ती हलली होती ना. पुसली गेली.

आणि खरं सांगतो, तेव्हा मला ते बरंच वाटलं. रिकामं दार जास्त उठून दिसत होतं. तसाच टाकला. नऊशे लाइक पडले. मूळचे सगळेच फोटो उडवून टाकले, कारण साक्षगंधासाठी कार्ड मोकळं हवं होतं.

सतराव्या दिवशी आई गेली. वावरातच, शेवंतीच्या ओळीत. हार्ट अटॅक. मी तेव्हा कोणाच्या तरी नवरीला "जरा हसा" म्हणत होतो.

तेरवीला फोटो लागतो. हार घालायला, समोर दिवा लावायला. मी सगळं घर पालथं घातलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हजारो लोकांच्या आया मी टिपल्या होत्या, माझ्या आईचा एकही धड फोटो नव्हता. नातेवाइकांच्या लग्नात ती मागच्या रांगेत, अर्धी कोणाच्या तरी फेट्याआड. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. आधार कार्डावर कोणीच स्वतःसारखं दिसत नाही. बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो दसऱ्याचा फोटो उघडला. वेडी आशा, दुसरं काय. दाराच्या काळोखावर झूम केलं आणि उजेड वाढवत गेलो. वाढवला... आणखी वाढवला...

आधी नुसते रंगीत दाणे दिसले. मग...

साडीचा काठ.

मग चौकटीवर टेकलेला हात.

आई दारात उभी होती. सरळ, ताठ, जशी मला पाहिजे होती तशी. चेहरा सावलीत होता, पण आपली आई ओळखायला चेहरा लागत नाही.

मी ढसाढसा रडलो. भीती वाटायची ती नंतर वाटली, कारण रडता रडता माझं लक्ष खिडकीकडे गेलं. वर पंखा चालू होता... पण पडदा हलत नव्हता. दाराबाहेर तोरण लटकत होतं, त्याचं पानही नाही. घरात कसलाच आवाज नव्हता. लॅपटॉप बंद केला तसा पडदा हलला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला.

आई सरळ नव्हती. एका पायावर भार देऊन उभी होती.

तिसऱ्या दिवशी तिचा खांदा चौकटीला टेकलेला होता. आणि त्या चिडीचूप घरात मला बारीक आवाज आला... लाकडावर काचेची बांगडी घासल्यासारखा.

पाचव्या दिवशी तिचा एक हात गुडघ्यावर होता.

मला वाटलं माझं डोकं फिरलं. उजेड वाढवलेली ती फाइल घेऊन मी अमरावतीला शेखरकडे गेलो. त्याला काही सांगितलं नाही, फक्त छापून दे म्हटलं. त्यानं स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाला, "अबे, कोणाले उभं करून ठेवलं बे इथं? बाई लय थकलेली दिसून राहिली."

म्हणजे त्यालाही दिसत होती.

प्रिंट बाहेर आली.

दार रिकामं.

चार वेळा छापली. चारही वेळा रिकामं. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून पाहिला, त्यातही रिकामं. शेखरनं मशीन बंद केलं, मला चहासुद्धा विचारला नाही.

मग मी तो बाबांना दाखवला. मग त्यांनी सांगितलं, जे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"तू अकोल्याले निंगून गेला त्या दिवशी. मी गाडी घेऊन आलो तं थे दारातच उभी. मी म्हणलं, चाल, फुलं भराची हायेत. म्हणे, जीवननं हालू नको म्हणलं. मी म्हणलं, थो गेला ना केव्हाचा! तरी नाई हालली. म्हणे, दुरून-बिरून काढत असन, फोटो खराब होईन त्याचा. मंग मीच हात धरून बसवली तिले. तासभर उभी होती लेका. त्या गुडघ्यावर."

मी स्क्रीनवर तिच्या गुडघ्यावरचा हात पाहिला.

"इथं फोटोत कोणी हात धराले नाई तिचा," बाबा म्हणाले. "तूच म्हण. झालं म्हून म्हण तिले. बसू दे."

"बाबा, अन् म्हणल्यावर थे गेली तं? माह्यापाशी दुसरं काय हाय तिचं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी मला कधी मारलं नाही. त्या दिवशी मारलं असतं तर बरं झालं असतं.

"जितेपणी तुले तिच्यापेक्षा फोटो मोठा," एवढंच म्हणाले. "आताही तसंच हाय."

त्यानंतर त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत. मी फाइल तीन ठिकाणी जपून ठेवली. आठवड्यातून एकदा उघडायचो, मग महिन्यातून एकदा. दर वेळी ती थोडी अजून वाकलेली. दर वेळी मी ठरवायचो, आज म्हणतो. शब्द ओठांपर्यंत यायचा. मग तिच्या हाताकडे, काठाकडे पाहायचो आणि म्हणायचो, एकच दिवस आणखी.

त्या एका दिवसाला आता कितीतरी वर्षं झाली.

मागच्या महिन्यात मी वावरात गेलो होतो. टिनाची खोली तशीच आहे. तिच्या दारात, अगदी उंबऱ्याला लागून, एक निळी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. वर जुनं पातळ घडी करून टाकलेलं.

"हे काहून ठेवली?" मी बाबांना विचारलं.

ते झेंडूच्या रोपांना पाणी देत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "माह्या हातात एवढंच हाय," म्हणाले.

घरी आलो. भर दुपार होती. मी लॅपटॉप उघडला. पडदा थांबला... पंख्याचा आवाज बंद झाला...

फोटोत खुर्ची आली होती.

तीच. निळी, वर घडी केलेलं पातळ. दसऱ्याच्या त्या जुन्या उन्हात, झेंडूच्या ढिगाशेजारी.

आई तिच्या बाजूलाच उभी होती. एक हात गुडघ्यावर, दुसरा खुर्चीच्या पाठीवर. बोटं इतकी घट्ट आवळलेली की नखं पांढरी पडली होती.

बसली नव्हती.

या वेळी मी चेहऱ्यावरचाही उजेड वाढवला. आजवर हिंमत झाली नव्हती. ती खुर्चीकडे बघत नव्हती. ती समोर बघत होती, कॅमेऱ्याकडे, अजूनही फोटोसाठी थोडं हसत.

मी लॅपटॉप मिटला.

तुम्ही मला शिव्या द्या, कमेंटमध्ये काय लिहायचं ते लिहा. बाबा आता माझ्या हातचं पाणीही घेत नाहीत. मला सगळं कळतं. एक शब्द आहे फक्त.

पण माझ्याकडे आईचा दुसरा फोटो नाही.