रेघ आजची की कालची?

पंपघरात लाइट गेली की पंपवाले काका नव्या पोरांना भुताची गोष्ट सांगतात. काल सुरू केली, "माझ्या ओळखीतला एक होता, पाणी सोडायचा..."

"ओळखीतला?" मी उठलोच. "माझा सख्खा दादा होता तो! सरका काका. मी सांगतो."

दादाचं काम एवढंच. संध्याकाळी पाणी सोडायचं. रात्री साडेनऊला उतारावरच्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून व्हॉल्व बंद करायचा. नाहीतर टाकी रिकामी होऊन खालच्या घरांत पाणी शिरतं. बंद केला की खड्ड्याच्या झाकणावर खडूनं एक रेघ ओढायचा. खूण म्हणून. मग जेवताना हात थांबायचा. रेघ आजची की कालची? वहिनी म्हणायची, "अहो, तोंडातला घास तरी गिळा." हा सायकलवर पसार. जायचा, नवी रेघ ओढायचा. अंथरुणाला पाठ टेकली की मनात पुन्हा पाल चुकचुकायची. एकेका रात्री सात-सात रेघा! झोप गेली, अन्न गेलं, गालफडं बसली. मी म्हणायचो, "दादा, डोकं आहे का चक्की? दळण नसलं तरी फिरतंय." तो हसायचा. हसून पुन्हा जायचा.

एका मंगळवारी रात्री पावणेदोनला तिसऱ्यांदा निघाला. वळणावर ट्रकनं उडवला.

व्हॉल्व बंद होता. अकरा वर्षांत एकदाही उघडा राहिला नव्हता. एकदाही! मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. वैरी असता तर त्याचं नरडं धरलं असतं. मनाचं काय धरू?

त्याचं काम मला मिळालं. पहिल्याच दिवशी मी झाकण घासून कोरं केलं. खडू नाल्यात फेकला.

गेल्या मंगळवारी साडेनऊला व्हॉल्व बंद केला, झाकण लावलं, निघालो. दहा पावलं गेलो असेन. मागे झाकण सरकलं.

लोखंडावर लोखंड. कर्र... कर्र...

चावी माझ्या खांद्यावर होती.

वळलो. कुणी नाही. झाकण जागच्या जागी. त्यावर एक रेघ.

"बंद आहे रे!" मी ओरडलो. "मेलास तरी खात्री नाही? घरी जा... जा ना, दादा..."

...

मी बाहीनं रेघ पुसली आणि आलो.

माझं सांगून झालं. काका हळूच म्हणाले, "आजचा व्हॉल्व... बंद केलास ना?"

"केला."

"नक्की?"

माझा हात कोपऱ्यातल्या चावीकडे गेला. मी तो मागे खेचला. "नाही जाणार! मेलो तरी नाही जाणार."

काकांनी टॉर्च लावला. चावीवर धरला, तो धरलाच.

दांड्यावर पांढरी रेघ.

मी बोट लावलं. खडू लागला.

रेघ आजची होती.